एकाच नजरेखालून गेलेली कादंबरी

सॉफ्टवेअरच्या नोकरीवर लिहिलेली पहिली कादंबरी, तीही लेखकाने स्वतः छापलेली, हाती आली की मी आधी तिचे मुद्रण-प्रकाशनाच्या तपशिलाचे पान पाहतो. प्रकाशक म्हणून घरातल्याच कोणाचे नाव असते. मुखपृष्ठ मित्राचे, अक्षरजुळणी लेखकाची. संपादक आणि मुद्रितशोधक यांच्या जागा बहुधा कोऱ्या. प्रस्तुत लेख त्या कोऱ्या जागेविषयी आहे.

पंचवटीत राहणाऱ्याला हा विषय दूरचा नाही. आमच्याच भागातले के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ सालचे. तिथून शिकून पुण्याला, मुंबईला, बेंगळुरूला गेलेला मुलगा किंवा मुलगी नाही अशी गल्ली आता इथे शोधावी लागेल. आईवडिलांना विचारावे, काय करतो तो? उत्तर ठरलेले: "कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर." पगार माहीत असतो, शिफ्ट माहीत असते, काम माहीत नसते. मुलगाही सांगत नाही, कारण मराठीत सांगायला बसला तर तिसऱ्या वाक्याला अडतो. मराठी कादंबरीने करायचे काम नेमके हे आहे.

या क्षेत्राबद्दल मराठीत काहीच नाही असे नव्हे. अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' भरपूर वाचले गेले. पण ते आत्मचरित्र आहे, आणि त्यातला बराच भाग मोठ्या कंपन्या चालवणाऱ्या माणसाच्या खुर्चीतून दिसलेला आहे. रात्री अडीच वाजता परदेशी ग्राहकाच्या फोनवर "हो, बघतो" म्हणणाऱ्याचे मराठी अजून घडायचे आहे. ते लिहू पाहणाऱ्या नवख्याला हमखास एक सल्ला मिळतो: तांत्रिक भाग कमी करा, माणसे वाढवा. मग कादंबरीत कॅन्टीन येते, अफेअर येते, ऑनसाइटला गेलेल्याबद्दलची असूया येते. काम मात्र बाहेर राहते. स्वतः छापण्याचे खरे समर्थन मला इथे दिसते. काम पुस्तकात ठेवण्याची मोकळीक लेखकाला त्याशिवाय क्वचितच मिळते.

तांत्रिक भाग आणि माणूस वेगळे काढता येतात हेच मुळात मला मान्य नाही. प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंगढांग'मधून (१९८१) हिमालयातल्या रस्त्याचे बांधकाम वजा केले, तर विश्वनाथ हा नायक उरेल का? शिस्त आणि विवेक यांतला त्याचा सगळा पेच बांधकामाच्या निर्णयांतूनच उभा राहतो. खुद्द सॉफ्टवेअरमधले उदाहरण हवे असेल तर वीसेक वर्षे प्रोग्रामर म्हणून काम केलेल्या एलेन उलमन यांची 'द बग' (२००३) ही इंग्रजी कादंबरी पाहावी. यूआय-१०१७ या क्रमांकाची एक चूक प्रणालीत मधूनच उगवते आणि शोधायला गेले की गायब होते. ती शोधता शोधता ईथन हा प्रोग्रामर आतून ढासळत जातो. त्या चुकीवाचून तिथे कथानकच नाही.

आता शब्दांचा प्रश्न. मामा वरेरकरांनी १९३३ मध्ये गिरणी कामगारांवर कादंबरी लिहिली, तेव्हा 'धावता धोटा' हे नाव त्यांना भाषेत तयार मिळाले. धोटा हा शब्द हातमागाबरोबरच भाषेत नांदत होता. आमच्या जिल्ह्यात येवल्याच्या पैठणीच्या मागावर तो आजही इकडून तिकडे जातो. गिरणी आली, यंत्र बदलले, शब्द टिकला. सॉफ्टवेअरला असे वडिलोपार्जित काही नाही. म्हणून नवा लेखक दोन टोकांना जातो: एक तर शासकीय परिभाषाकोशातून 'आज्ञावली' आणतो, जी त्याच्या ऑफिसात कोणी उच्चारत नाही, नाहीतर इंग्रजी शब्दांची रास ओततो. पण या मुलांचे बोलणे कान देऊन ऐकावे. सर्व्हर 'पडतो', कधी 'झोपतो'. बिल्ड 'फुटतो'. स्क्रीन 'लटकते'. प्रोजेक्ट नसलेला माणूस 'बेंचवर बसतो'. नामे इंग्रजी असली तरी क्रियापदे अस्सल घरची आहेत, आणि वाक्याचा जीव मराठीत क्रियापदातच असतो. ज्या थोड्या स्वप्रकाशित कादंबऱ्यांत हे बोलणे जसेच्या तसे आले आहे, तिथे मी ओबडधोबड मांडणीही माफ करतो. व्यावसायिक संपादकाने 'सर्व्हर झोपला'चे 'सर्व्हर बंद पडला' केले असते, अशी मला दाट शंका आहे.

तरीही ती कोरी जागा खटकते. ज्या धंद्यात दुसऱ्या सहकाऱ्याने ओळ न् ओळ तपासून मान्यता दिल्याखेरीज कोड पुढे जाऊ नये असा दंडक आहे, तपासणीसाठी वेगळा माणूस नेमलेला असतो, त्याच धंद्यातला लेखक आपली कादंबरी थेट 'प्रॉडक्शन'ला सोडतो! चाळीस पानांवर सांगून झालेली अप्रेझलची कथा शंभराव्या पानावर पुन्हा येते. मॅनेजर खलनायकच राहतो, कारण "त्यालाही वरून कोणी झापत असेल ना?" असे विचारणारे शेजारी कोणी नसते.

पुस्तक काढणे आता सोपे आहे, हेही याला कारण. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी आहे. मागणीनुसार छपाईत तर शंभर प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली ठेवण्याची वेळही येत नाही. अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. लेखक लिहितो युनिकोडमध्ये. अनेक छापखान्यांत अक्षरजुळणी चालते जुन्या फाँटांत. रूपांतरात 'साऱ्या'चे 'सार्या' होते, 'दुसऱ्या'चे 'दुसर्या'. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्येच २००८ साली आले, आणि ॲप, ॲडमिन, ॲक्सेस यांच्याशिवाय या कादंबरीचे पान हलत नाही! दिवसभर दुसऱ्यांच्या प्रणालीतल्या चुका काढणाऱ्याच्या पुस्तकात पानागणिक हे तुटलेले रफार दिसतात, तेव्हा मुद्रितशोधकाची किंमत कळते.

पैसा आणि नजर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला, ही गोष्ट नाशिककर अभिमानाने सांगतात. पण खांडेकरांनी प्रस्तावनाही लिहिली. म्हणजे खर्चाबरोबर एका जाणत्या वाचकाची नजर आली. अँडी वीअर या अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंत्याने 'द मार्शन' प्रकरणाप्रकरणाने स्वतःच वाचकांपुढे फुकट ठेवली. वाचक त्यातल्या विज्ञानाच्या चुका दाखवत गेले, तो सुधारत गेला, आणि २०११ मध्ये ती त्याने किंडलवर आणली. मोठ्या प्रकाशकाकडे ती नंतर गेली. इथे संपादक नव्हता, नजरा मात्र होत्या.

मला सर्वांत जवळचे वाटते ते वसुधेंद्र या कन्नड कथाकाराचे उदाहरण. बेंगळुरूत अनेक वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी करत त्यांनी लिहिले आणि 'छंद पुस्तक' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. स्वतःच्या पुस्तकांवर ते थांबले नाहीत. नवोदितांची हस्तलिखिते मागवून, ती इतरांकडून वाचून घेऊन त्यांतले एक निवडण्याचा आणि छापण्याचा उपक्रम त्यांनी चालवला. मराठीत सरकारी नवलेखक अनुदान आहे, पण ते पैशाचे. हस्तलिखितावर पेन्सिल चालवणारे माणूस त्याबरोबर येत नाही.

तोवर माझ्याकडे हस्तलिखित घेऊन येणाऱ्यांना मी दोन वाचक सुचवतो. पहिला, त्याच कंपनीत त्याच मजल्यावर बसणारा, ज्याला खोटे चटकन कळेल. दुसरी त्याची आई. तिने कुठलाही इंग्रजी शब्द विचारू नये, फक्त जिथे वाचणे थांबवले त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा.