अनोळखी शब्द, पण कोणाला?

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, महाविद्यालयांतून मराठीचा जो गौरव होतो त्यात अलीकडे एका खेळाची भर पडली आहे. कानांवर सहसा न पडणारे शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे, आणि ज्याच्या हाती चिठ्ठी येईल त्याने अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर आला की टाळ्या, चुकला की हशा. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अशा शब्दांच्या गमतीची सदरे चालतात. आता तर सकाळी उठल्यावर मोबाईलवर एखादा ‘दुर्मीळ शब्द’ अर्थासह येऊन पडलेला असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यानंतर आमच्या शहरात तरी ही हौस वाढलेली दिसते.

या हौसेला माझा विरोध नाही. मी सोलापुरात मराठी शिकवतो आणि शब्दांवर माझी भाकरी आहे. पण या खेळात एक प्रश्न कधीच विचारला जात नाही. शब्द ‘अनोळखी’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणाला अनोळखी असतो? हा प्रश्न मला सुचला तो वाचनातून नव्हे. एका प्रसंगात मी गप्प बसलो, त्यातून तो सुचला.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा एक शब्द आणावा असे ठरले. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीने चिठ्ठीवर ‘हाडकी’ हा शब्द लिहून दिला. व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठ पाहुण्यांनी तो वाचला, मुलीकडे पाहिले, आणि तिच्या अंगलटीवर एक विनोद केला. सभागृह हसले. मुलगी उभी राहून एवढेच म्हणाली, ‘‘सर, आमच्या शेताचं नाव हाय ते.’’ ती खाली बसली आणि पुढची चिठ्ठी उचलली गेली.

मी परीक्षक म्हणून त्याच व्यासपीठावर होतो. मला शब्दाचा अर्थ माहीत होता. हाडकी किंवा हाडवळा म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात महारांना मिळालेली वतनी जमीन. मेलेली जनावरे तिथे ओढून न्यायची, त्यांची हाडे तिथेच पडायची, म्हणून हे नाव, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने बंद झाली. जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. आज कित्येक घरांत वतन गेले, गावकी गेली, आणि शेताला तेवढे नाव राहिले. हे सगळे मला त्या क्षणी सांगता आले असते. मी सांगितले नाही. कारण ते सांगितले असते तर ‘तुम्हाला कसे माहीत?’ हा पुढचा प्रश्न आला असता. पदव्युत्तर शिक्षण, नेट, नोकरी एवढे सगळे होऊनही त्या प्रश्नाची भीती माझ्या अंगातून गेलेली नाही, हे मला त्या दिवशी कळले.

नामदेव ढसाळांच्या एका कादंबरीचे नावच ‘हाडकी हाडवळा’ आहे. मराठीच्या कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांनी ते ऐकलेले असू नये, यात दोष एका व्यक्तीचा नाही. दोष आपल्या शब्दज्ञानाच्या कल्पनेचा आहे.

मराठी कोशकारांचे श्रम मोठे आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. पुढे दाते-कर्वे मंडळींनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढला. या कोशांत खेड्यापाड्यातले, बलुतेदारांच्या धंद्यांतले असंख्य शब्द आहेत, आणि ते मिळाले नसते तर आपणच दरिद्री झालो असतो. पण शब्दापुढे ‘ग्राम्य’, ‘अशिष्ट’ असा शेरा मारताना कोशकार कुठल्या ओट्यावर बसलेला आहे तेही दिसते. कोश वस्तू दाखवतो. त्या वस्तूशी कोणाचा कसला संबंध होता हे सांगण्याची जबाबदारी तो घेत नाही.

ती जबाबदारी दलित साहित्याने घेतली. आपल्या आत्मकथनांची शीर्षके एकापुढे एक ठेवून पाहावीत : ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’. यांतले जवळजवळ प्रत्येक शीर्षक पांढरपेशा वाचकाला कोश उघडायला लावणारे होते. पण कोश उघडून त्याचे समाधान होत नव्हते, आणि या शीर्षकांचे सामर्थ्य नेमके तिथे आहे.

‘बलुतं’चेच पाहा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात अलुत्या-बलुत्यांच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. कोणाचे काम काय, कोणाचा वाटा किती, सगळे त्यात सापडते. पण ते पाहणे मुख्यतः कुणब्याच्या खळ्यावरून झालेले आहे. त्या जागेवरून बलुते म्हणजे राशीतून जाणारा वाटा, शेतकऱ्याच्या डोक्यावरचा एक भार. १९७८ मध्ये दया पवारांनी तोच शब्द उचलला. आता बोलणारा माणूस खळ्याच्या दुसऱ्या बाजूला, पदर पसरून उभा होता. शब्द एकच, अक्षरे तीच, पण अर्थ पुरता फिरला. आणि पवारांनी तो आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाला लावला तेव्हा धान्याचा शब्द आयुष्याचा झाला. कोशात नवा अर्थ घालण्याचे हे काम एका ग्रंथाने केले.

‘अक्करमाशी’ (१९८४) हा शब्द तर आमच्या जिल्ह्याचा. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरले तर तोळ्यात एक मासा कमी. सोन्याच्या तराजूतला हा हिशेब समाजाने माणसाच्या जन्माला लावला, आणि लग्नाबाहेर जन्मलेला माणूस अक्करमाशी ठरला. चिठ्ठीच्या खेळात हा शब्द आला तर मासा आणि तोळा ऐकून लोकांना मौज वाटेल, आणि व्युत्पत्ती खरोखरच चमत्कारिक आहे. पण मौज तिथेच थांबवली तर तराजू कोणाच्या हातात होता हे विचारायचे राहून जाते. इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘बहिष्कृत’ अशा अर्थाचे आहे. त्यात माणूस आला, पण वजन गेले. एका मासाने कमी भरण्याचा जो अपमान मराठी शब्दात आहे तो तिथे उरला नाही.

या संदर्भात ‘गोलपिठा’ची (१९७२) आठवण अपरिहार्य आहे. या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, आणि कवितांतले कित्येक शब्द आपल्याला अपरिचित असल्याची कबुली तिच्यात आहे. मराठीतल्या एका नामवंत नाटककाराने एका तरुण कवीपुढे शब्दार्थासाठी विद्यार्थी व्हावे, ही घटना मला महत्त्वाची वाटते. तेंडुलकरांनी आपल्या अज्ञानाचा विनोद केला नाही आणि कवीच्या शब्दांचाही केला नाही. शब्द विचारण्याची ती एक सभ्य रीत होती. आमच्या व्यासपीठावर त्या दिवशी तीच नव्हती.

मात्र इथे आपणही स्वतःकडे पाहिले पाहिजे. पुढच्या काळात आपल्या काही लेखनात विचित्र शब्दांची रास घालणे म्हणजेच अस्सलपणा, असा समज झाला. वाचकही अशा शब्दांवर खूश असतो. त्याला ते मेजवानीतल्या वेगळ्या चटणीसारखे लागतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी, तिच्यात ‘चान्या : वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या’ एवढी एक ओळ, आणि वाचक मोकळा. ते मांस का वाळवावे लागे, एका दिवशी खूप आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही अशी कोणती भूक होती, हे त्या ओळीत बसत नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक या दृष्टीने मुद्दाम वाचावे. तिथे पदार्थाचे नाव, कृती आणि गावातली जागा या तीन गोष्टी एकमेकींपासून सुटत नाहीत.

माझा दुसरा मुद्दा याहून अडचणीचा आहे. खरे अनोळखी शब्द दुर्मीळ शब्दांच्या यादीत नसतातच. ते रोजच्या बोलण्यात असतात. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा पत्ता रिक्षावाल्यालाही सांगता येतो. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडण्यासाठी ती वसाहत होती. १८७१ पासूनचा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि पत्ता तेवढा राहिला. ‘हजेरी’ हा शब्द मी रोज वर्गात वापरतो. कुंपणाआडच्या माणसाला हजेरी म्हणजे आपण पळून गेलो नाही याचा रोजचा पुरावा होता. हा अर्थ मला वर्गातल्याच एका मुलाने, त्याच्या आज्याकडून ऐकलेला म्हणून सांगितला.

तीच गोष्ट ‘साचेखाते’ या शब्दाची. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे आता वाजत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर धोटा, कांडी, बदली, खाडा हे शब्दही बोलण्यातून निघून चालले आहेत. साचेखाते म्हणजे विणकामाचे खाते, असा अर्थ कोणीही सांगेल. माझा आजा गिरणीत होता. तो म्हणे, साचेखाते म्हणजे जिथे त्याच्या बापाला पाय ठेवता येत नव्हता ते खाते. कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार मात्र याच खात्यात चांगला. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. म्हणजे एका साध्या शब्दाचे दोन अर्थ एकाच गिरणीत, एकाच पाळीत नांदत होते, आणि त्यांतला एकच छापला गेला.

मग शब्दांची गंमत आपल्याला वर्ज्य आहे काय? मुळीच नाही. माझी आजी उमाणे घालण्यात पटाईत होती. दिवसभर रोजगार करून आलेल्या बाया रात्री दारात बसत, एक घाली, दुसरी उकली. उत्तर नेहमी घरातलेच असे : जाते, उखळ, सूप, चूल. वस्तू सर्वांच्या ओळखीची, शब्दांनी ती घटकाभर लपवायची, आणि सापडली की सगळ्यांनी हसायचे. त्या हसण्यात कोणी खाली पडत नसे. चिठ्ठीच्या खेळात वस्तू कोणाच्याच हाताखालची नसते, आणि ज्याच्या घरात ती खरोखर असते त्याच्यावरच हसण्याची पाळी येते. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

आणखी एक कबुली देऊन आवरतो. बी.ए.ला असताना मी आईला ‘पानी’ नको, ‘पाणी’ म्हण, असे शिकवत असे. ती काही दिवस जपून बोलली, मग माझ्याशी कमी बोलू लागली. तिच्याबरोबर किती शब्द गप्प झाले याचा हिशेब मला आता लावता येत नाही. सभागृहातल्या पाहुण्यांना मी दोष देतो तेव्हा हे विसरून चालणार नाही.

या वर्षीपासून आम्ही विभागात एक वही केली आहे. विद्यार्थ्याने घरचा शब्द आणायचा, आणि अर्थाबरोबर आणखी चार गोष्टी लिहायच्या : हा शब्द कोण बोलते, कोणाविषयी बोलते, त्यामागे कोणते काम होते, आणि तो ऐकताना घरातल्या माणसाला काय वाटते. तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या मुली, कन्नड घरातली मुले, सेटलमेंटमधली मुले, सगळे लिहितात. हसूही खूप येते, कारण माणसे आपल्या शब्दांवर आपण हसतात तेव्हा ते हसणे वेगळे असते. वही अजून अर्धीसुद्धा भरलेली नाही. पहिल्या पानावर ‘हाडकी’ आहे. तो शब्द त्या मुलीने पुन्हा स्वतः लिहिला, आणि चौथ्या रकान्यात तिच्या आजोबांचे म्हणणे उतरवले : जमीन आमची आहे, नाव त्यांनी ठेवले.