‘अधांतर’ आणि आमचा सातबारा

जयंत पवारांचं ‘अधांतर’ मी पहिल्यांदा वाचलं ते अलिबागजवळच्या आमच्या घराच्या पडवीत. आत माजघरात जमिनीच्या वाटणीवरून भांडण चाललं होतं. त्यामुळे या नाटकाकडे तटस्थपणे बघणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

१९९७ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक १९८२च्या गिरणी संपानंतरच्या गिरणगावातलं. चाळीतली एक खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी. त्याला सहसा संपाचं नाटक म्हणतात. मला ते पटत नाही. संप बाहेर होऊन गेलाय; पवार दाखवतात ते हरलेला संप घरात कसा शिरतो हे. भावंडं एकमेकांच्या अंगावर जातात, कारण ज्याच्या अंगावर जायचं तो समोर नाहीच. याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ काढला. त्यात गिरणीमालक पडद्यावर येतो आणि माझ्या मते सिनेमा तिथेच उणा पडतो. खलनायक दिसला की प्रेक्षक सुटतो.

आता हे रायगडात बसून वाचा. गिरणगाव वसवलं त्यात कोकणातून पोटासाठी गेलेली माणसं होती. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि आता टॉवरमधली माणसं ‘सेकंड होम’ शोधत आमच्याकडे येतायत. मार्च २०२०मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू. म्हणजे आजोबा ज्या गावातून मुंबईला गेले, ते गावही आता सुटायच्या बेतात.

आमच्या जिल्ह्याला लढता येत नाही असं कोण म्हणेल? चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसली नाही. सहा वर्षांचा संप. २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यातल्या गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं, आणि पुढे तो सेझ बारगळला. पण तेव्हा समोर खोत होता, सरकारी नोटीस होती. आज नोटीस येत नाही, डोंबिवलीतल्या चुलतभावाला एजंटचा फोन येतो. गुंठ्यागुंठ्याने विकल्या जाणाऱ्या गावाने मोर्चा न्यायचा कुणावर? ‘अधांतर’ मला आमचं नाटक वाटतं ते यासाठी.

विकणारा मूर्ख किंवा लोभी असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. खारं पाणी शिरलेल्या शेतात भात होत नाही, आणि काकांच्या डोक्यावर मुलाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज आहे. पवारांनीही त्या खोलीतल्या कुणालाच साधं-सरळ दोषी ठरवलेलं नाही. वाचणाऱ्याला हे जड जातं.

आमच्या जमिनीचं घोडं सध्या आत्याच्या सहीवर अडलंय. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तिचा हिस्सा कुणाला आठवला नव्हता. हक्कसोडपत्र करायची वेळ आली तेव्हा तिन्ही काका पेढे घेऊन तिच्या दारात. तिने पेढे ठेवून घेतले, चहा केला आणि विचारलं, “गणपतीला मी उतरायचं कुठं?”

कागद अजून तिच्या कपाटात आहे.