येझदीची मूठ

गाडी विकत घेताना आपण सगळेच विचारतो, ‘पिकअप कसा आहे?’ चांगला पिकअप कशाला म्हणावं, हे समजून घ्यायचं तर म्हैसूरच्या येझदी मोटारसायकलची मूठ बारकाईनं पाहावी.

म्हैसूरच्या यादवगिरीतला आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. तिथं घडलेल्या येझदीचं टू-स्ट्रोक इंजिन २५० सीसीचं; सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. मूठ पिळली की केबल ताणली जाते, कार्ब्युरेटरमधली स्लाइड वर सरकते आणि तिच्यात अडकवलेली सुईही उचलली जाते. हवेची वाट रुंदावते, तशी पेट्रोलचीही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, त्यामुळे मनगटाची जराशी हालचालही लगेच आवाजात उमटते. या रचनेचं सौंदर्य आहे ते प्रमाणात: जेवढं मागाल, तेवढंच मिळतं.

आजच्या मोटारीत ही केबल नाही. बीएमडब्ल्यूनं १९८७ मध्येच आपल्या बारा सिलिंडरच्या मोटारीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला होता. पेडलवरचे दोन सेन्सर पायाची मागणी ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतात. ईसीयू दोन्ही संदेश ताडून पाहतो आणि मग मोटरकरवी थ्रॉटलची झडप उघडतो. झटका बसू नये, प्रदूषण आटोक्यात राहावं म्हणून तो मुद्दाम थोडा सावकाश चालतो. चामुंडी टेकडीच्या चढावर वळण संपताना पाय दाबावा, तर हीच सावकाशी खटकते.

त्यावर पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये बसवायची एक डबी बाजारात मिळते. अर्धं दाबलेलं पेडल ती पाऊण दाबल्यासारखं कळवते. गाडी चपळ वाटते, पण पेडल तळापर्यंत दाबलं की ताकद पूर्वीइतकीच असते. आणि गर्दीत हळू सरकताना गाडी हिसके देते. म्हणून ती डबी घेण्याआधी थ्रॉटल बॉडीवर साचलेला काजळीचा थर साफ करावा, एअर फिल्टर पाहावा, स्पोर्ट मोड असेल तर तो वापरून बघावा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा मी विरोधक नाही. घसरत्या चाकाची ताकद तो क्षणात कमी करतो. येझदीत ते काम चालवणाऱ्याच्या मनगटाचं होतं. पण पेडलचा मॅप आखणाऱ्यानं येझदीची मूठ एकदा तरी हातात घ्यावी. उत्तम प्रतिसाद घाईनं साधत नाही. तो पाय आणि इंजिन यांच्यातल्या प्रमाणात असतो.