ट्रोल म्हणावे कोणाला?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप-ग्रुपवर एका भाच्याने पणतीचे सुरेख चित्र पाठविले आणि त्याखाली लिहिले, 'शुभ दिपावली'. 'दीपावली'तला 'दी' दीर्घ असतो, कारण ती दीपांची आवली म्हणजे रांग आहे, एवढेच आम्ही त्याला कळविले. क्षणार्धात उत्तर आले, "मामा, सणासुदीला तरी ट्रोल करू नका ना!" त्यावर घरातल्या मंडळींनी हसरे चेहरे पाठविले आणि प्रकरण तेथेच मिटले.

आमच्या मनातून मात्र ते गेले नाही. कारण एखाद्या स्त्रीने आपले मत मांडले आणि तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तर त्या प्रकारालाही वृत्तपत्रे 'ट्रोलिंग' असेच म्हणतात. ऱ्हस्वदीर्घाची दुरुस्ती आणि जिवावरची धमकी ही दोन्ही जर एकाच शब्दात मावत असतील, तर तो शब्द एकतर फार ऐसपैस असला पाहिजे किंवा पार फाटलेला. तो कसा फाटला व त्याला ठिगळ लावता येईल काय, हे पाहण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या शब्दाचे कूळ मोठे मौजेचे आहे. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ सोडून तो पाण्यातून ओढीत न्यावयाचा, ह्या मासेमारीच्या रीतीला इंग्रजीत 'ट्रोलिंग' म्हणतात. 1990 च्या दशकाच्या आरंभी 'युजनेट' ह्या संगणकीय चर्चाजालावर शहरी दंतकथांची चिकित्सा करणारा एक गट होता. तेथील मुरलेले सभासद मुद्दाम एखादा शिळा, शंभरदा चघळलेला प्रश्न भाबडेपणाचा आव आणून विचारीत. जुनी मंडळी ओळखून गप्प बसत. नवखा मात्र मोठ्या तळमळीने लांबलचक उत्तर लिही आणि गळाला लागे. वसतिगृहात नव्या मुलाची थट्टा करावी तसाच हा प्रकार होता.

पुढे ह्या गळाची गाठ एका राक्षसाशी पडली. नॉर्वे-स्वीडनकडील लोककथांत डोंगरात किंवा पुलाखाली राहणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला छळणारा एक ओबडधोबड प्राणी असतो. त्याचेही नाव ट्रोलच. उच्चार एक झाल्यामुळे अर्थही एकमेकांत मिसळले. आता गळ टाकणे ही कृती आहे; आज टाकला, उद्या आवरला. राक्षस मात्र जन्माचा राक्षस. शब्द कृतीवरून व्यक्तीवर आला आणि वादाचे मूळ तेथेच रुजले. कोणत्या वागण्याला ट्रोलिंग म्हणावे हा प्रश्न मागे पडला आणि अमुक मनुष्य ट्रोल आहे काय, ह्याची चौकशी सुरू झाली.

पंडितांनी ह्यात लक्ष घातले नाही असे नाही. ज्युडिथ डोनाथ ह्यांनी 1999 मध्ये ट्रोलिंगचे वर्णन खोट्या ओळखीचा खेळ असे केले. ह्या खेळात दोन पक्ष असतात, पण आपण खेळत आहोत हे एकालाच ठाऊक असते. क्लेअर हार्डेकर ह्या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने 2010 मध्ये निराळी वाट धरली. लोक हा शब्द प्रत्यक्षात कसा वापरतात ते युजनेटवरील लिखाणातून धुंडाळून तिने चार लक्षणे काढली: फसवणूक, आक्रमकता, व्यत्यय आणि सफलता. चौथे लक्षण विशेष मार्मिक आहे. मासा गळाला लागला नाही, तर ट्रोलिंग पुरे झाले असे म्हणता येत नाही.

ही चार लक्षणे उत्तम आहेत. पण त्यांवर आमचा एक आक्षेप आहे. 1708 साली जोनाथन स्विफ्टने 'आयझॅक बिकरस्टाफ' असे खोटे नाव घेऊन भविष्य वर्तविले, की पार्ट्रिज नावाचा प्रसिद्ध पंचांगकर्ता ज्योतिषी 29 मार्चला तापाने मरणार. तो दिवस उलटताच त्याच्या मृत्यूची वार्ताही छापून टाकली. आपण जिवंत आहोत हे सांगता सांगता बिचाऱ्या पार्ट्रिजच्या नाकी नऊ आले. येथे फसवणूक आहे, आक्रमकता आहे, व्यत्यय आहे आणि सफलता तर अशी की तीनशे वर्षांनंतरही लोक हसतात. मग स्विफ्ट ट्रोल होता काय? चारही लक्षणे 'होता' म्हणतात. पण ही गंमत कशासाठी होती, हे मात्र ती विचारीत नाहीत.

कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे. न्यायसूत्रांत गौतमाने वादविवादाचे तीन प्रकार सांगितले ते हेतूवरूनच. सत्य ठरावे म्हणून चालतो तो 'वाद'. काहीही करून जय मिळावा म्हणून चालतो तो 'जल्प'. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढावयाचे, ती 'वितंडा'. 'नव कांबळे' असलेला, म्हणजे नवे कांबळे असलेला मुलगा, असे कोणी म्हटले, तर "ह्याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत?" असे विचारणारा छलवादीही भाष्यकाराने नमूद करून ठेवला आहे. तो आजच्या काळात असता तर त्याला अनुयायांची वाण पडली नसती.

अलीकडे ट्रोलला 'जल्पक' असा मराठी प्रतिशब्द योजलेला दिसतो. शब्द डौलदार आहे. पण तो नेमका बसतो असे आम्हांस वाटत नाही. जल्प करणाऱ्याला जिंकावयाचे असते. ट्रोलला जयपराजयाशी कर्तव्य नसते. त्याचा मुद्दा तुम्ही सप्रमाण खोडून काढलात, तर तो खट्टू होत नाही, उलट खूश होतो. कारण तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत जागून ते उत्तर लिहिलेत, हीच त्याची कमाई!

येथे आम्हांस एक साधी कसोटी सुचते. समोरच्याला आपल्याकडून काय हवे आहे, एवढेच पाहावे. टीकाकाराला उत्तर हवे असते. ट्रोलला तुमचा संताप हवा असतो. आणि धमकी देणाऱ्याला तुमचे मौन हवे असते. टीकाकाराची भाषा कडवट असेल, पण खरे उत्तर मिळाल्यावर त्याचे काम संपते. ट्रोलची भाषा कधी कधी अतिशय सभ्य असते. तो हात जोडून पुन्हापुन्हा पुरावा मागतो आणि दिलेल्या पुराव्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

कोणी म्हणेल, मनातला हेतू दिसतो कोणाला? प्रश्न रास्त आहे. हेतू दिसत नाही, पण उत्तर मिळाल्यानंतरचे वागणे तर दिसते. आणि म्हणूनच हा शब्द माणसाला न लावता वागण्याला लावावा. स्टॅनफर्ड व कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे आढळले, की अवघड कोडी घालून आधी चिडविलेली आणि इतरांचे कुत्सित शेरे वाचलेली साधीसुधी माणसेही तशीच लिहू लागतात. राक्षसांची जात वेगळी नाही. गळ आपल्या सर्वांच्याच घरी आहे.

ह्या कसोटीवर स्विफ्टदेखील ट्रोलच ठरतो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. त्याला पार्ट्रिजचे उत्तर नको होते, तडफड हवी होती. पण दुसऱ्यांची मरणे वर्तविण्यावर ज्याचा धंदा चालला होता, त्याचीच ती तडफड होती. तेव्हा ट्रोल ठरला म्हणजे दोषी ठरला, असे समजण्याचे कारण नाही. शब्दाने ओळख पटते. निवाडा निराळा करावा लागतो.

आता उपायाचा विचार. सगळे सांगतात, दुर्लक्ष करा. ह्या उपदेशाचे सर्वांत सुंदर उदाहरण पैठणचे. एकनाथचरित्रातली आख्यायिका अशी, की कुचरओट्यावर बसणाऱ्या टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला पैशांचे आमिष दाखविले: नाथांना राग आणून दाखव. तो पूजेच्या वेळी नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ हसले. जेवणाच्या वेळी वाढावयास वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर त्याने उडी घेतली. नाथ म्हणाले, सांभाळा, पाहुणे पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे. अखेर त्याने पाय धरले, तेव्हा नाथ म्हणाले, आधी सांगितले असतेस, तर मी रागावलोही असतो!

लहानपणी ही कथा ऐकताना आमचे सारे लक्ष नाथांच्या शांतीकडे असे. आज ते गिरिजाबाईंच्या पाठीकडे जाते. शांत राहण्याची कीर्ती एकाची आणि भार दुसऱ्याच्या पाठीवर, असे तर आपण करीत नाही ना? 'दुर्लक्ष कर' असे आपण मुलीला, सुनेला सहज सांगतो. तिला संतापविण्याचा डाव असेल तेथे हा सल्ला ठीक आहे. तिला गप्प करण्याचा डाव असेल, तर दुर्लक्ष करून गप्प बसणे म्हणजे त्याचे काम आपणच करून देणे होय. धमकीला ट्रोलिंग म्हटल्याने धमकी लहान होते. तिला धमकीच म्हणावे आणि पोलिसांत जावे.

आणि उलट बाजूही विसरू नये. 2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि तो मजकूर आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. ज्या 66-अ कलमाचा तेथे आधार घेतला गेला, त्यात 'त्रास', 'गैरसोय' असे वाटेल तसे ताणता येणारे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द ठरविले. आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे स्पष्ट केले. सैल शब्दाचे मोल शेवटी कोणाला तरी चुकते करावे लागते. आज टीका नकोशी झाली की 'हे तर ट्रोल' म्हणून मोठी माणसे उत्तर टाळतात, हेही त्याच सैलपणाचे फळ.

राहता राहिला आमचा भाचा. त्याला आम्ही ट्रोल केले काय? आमच्या कसोटीप्रमाणे नाही. आम्हांला फक्त एक दीर्घ वेलांटी हवी होती. पण खरे सांगावयाचे तर त्याचे उत्तर आल्यावर आम्ही व्याकरणाची आणखी तीन स्पष्टीकरणे पाठविली, आणि तो चिडावा असे त्यातल्या शेवटच्या वेळी मनात नव्हतेच, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. यंदा त्याने पुन्हा 'दिपावली' लिहिले, तर आम्ही एकदाच दुरुस्त करू आणि फराळाला बसू.