पोलंड १९८९: यादीत कोण नव्हतं?

साम्यवादातून बाहेर पडणाऱ्या देशांवर संशोधन-आराखडा लिहिताना एक वाक्य हमखास येतं: सॉलिडॅरिटी एकसंध होती, म्हणून जिंकली. आकडेही तसेच आहेत म्हणा. जून १९८९ च्या निवडणुकीत सेयममधल्या (कनिष्ठ सभागृहातल्या) खुल्या १६१ जागा सगळ्या त्यांच्या, सिनेटच्या १०० पैकी ९९.

पण ही एकजूट आधीपासून होती, की उमेदवार निवडताना घडवली गेली? माझ्या मते दुसरं. गोलमेज करार ५ एप्रिलला झाला, मतदान ४ जूनला. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. वालेसांभोवतीच्या नागरिक समितीने ठरवलं की एका जागेला एकच उमेदवार. तादेउश माझोव्हिएत्स्की आणि अलेक्सांदर हाल यांचं म्हणणं होतं की इतर विरोधी गटांनाही यादीत जागा द्या. ते हरले, आणि माझोव्हिएत्स्की निवडणुकीला उभेच राहिले नाहीत.

'मतं फुटू नयेत म्हणून' हे नेहमीचं स्पष्टीकरण मला अर्धंच पटतं. एक तर निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत तर दुसरी फेरी होतीच. शिवाय या १६१ जागा पक्षाबाहेरच्यांसाठीच राखलेल्या होत्या. मतपत्रिकेची पद्धत मात्र खरंच किचकट: नको ती नावं खोडायची. तिथे 'आपलं एकच नाव ठेवा' हे सांगणं सोपं जातं. वालेसांसोबत उमेदवारांचे फोटो काढून पोस्टर लावले, ते याचसाठी. पण मतदाराची सोय झाली म्हणून निवड खुली झाली असं होत नाही. या दोन गोष्टी आपण सर्रास एक करतो.

वॉर्सातला झोलिबोर्झ मतदारसंघ बघा. तिथे समितीचे यात्सेक कुरोन, आणि समोर शिवा-नोवित्स्की. हे शिवा-नोवित्स्की सरकारी माणूस नव्हते. राजकीय खटल्यांत विरोधकांची बाजू मांडणारे वकील, सॉलिडॅरिटीचे सल्लागार. जिंकले कुरोन. निकालाच्या तक्त्यात ही 'सॉलिडॅरिटीची आणखी एक जागा' म्हणून मोजली जाते, आणि विरोधकांमधली ही लढत दिसेनाशी होते.

म्हणून या विषयावर काम करणार असाल तर निकालाआधी एप्रिलमधल्या वादापासून सुरुवात करा. आणि हेही लक्षात घ्या की ऑगस्टमध्ये पंतप्रधान झाले ते माझोव्हिएत्स्कीच. खासदार नसलेले.