'मृत्युंजय'च्या आधी काय वाचायचं?

नेसरीच्या एका अंगाला आजरा आणि दुसऱ्या अंगाला कोवाड. आजरा शिवाजी सावंतांचं जन्मगाव, कोवाड रणजित देसाईंचं. 1674 साली प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा शिलेदार जिथं पडले ती खिंड तर आमचीच. त्यामुळे इथल्या नववीतल्या मुलाला वाचनाची गोडी लागली की त्याच्या हातात 'मृत्युंजय', 'स्वामी' नाहीतर 'श्रीमान योगी' येणार, हे ठरलेलंच. त्याआधी त्यानं वाचलेलं असतं ते 'किशोर' मासिक आणि फार तर फास्टर फेणे. मधल्या चार-पाच वर्षांसाठी मराठी कादंबरीत काय आहे, हे पाहायला मी अलीकडे या वयाच्या कादंबऱ्या ठरवून वाचल्या. हायस्कुलात मराठी शिकवत असल्यानं त्यातल्या बऱ्याच मुलांच्या हातीही दिल्या. वाचून झालेलं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे किशोरवयाबद्दल फार सुंदर लिहिलं गेलं, पण किशोरांसाठी फार थोडं.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आजही पोरांना पकडून ठेवतो. वाक्यं तुरुतुरु पळतात आणि संकटाला तोंड द्यायला मोठ्या माणसांची वाट पाहावी लागत नाही. पण वीस पुस्तकांत बनेश मोठा होत नाही. आवाज फुटणं, घरातली पैशाची ओढाताण, कुणीतरी आवडू लागणं यांतलं काही त्याच्या वाट्याला येत नाही. बालवाचकाला त्याची गरजही नसते. ती लागते आठवीनंतर, आणि तिथंच पुस्तकांची रांग संपते.

पुढं वाचायचं म्हटलं तर हाताशी येतात ती मोठ्यांसाठी लिहिलेली पुस्तकं. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' 1994 साली आलं. रूपानं त्या कथा असल्या तरी 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' असं ओळीनं वाचत गेलं की लंपन नावाच्या मुलाची सलग वाढ दिसते. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा मनातलं काही सांगायचं झालं की हजारांतले आकडे फेकतो. त्याची बोली बेळगावकडची, कानडीचा हेल घेतलेली. पुण्याच्या वाचकाला ती गमतीची वाटते. आमच्या पोरांना ती घरची वाटते, कारण त्यांच्या आज्या अशाच बोलतात. पुस्तकात आपली बोली सापडणं ही या वयात मोठीच गोष्ट आहे. वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुलं लंपनची पानं मोठ्यानं वाचायला पुढं येतात.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' 2004 ची. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी चार पोरं आणि मुकुंद जोशीला आवडणारी शिरोडकर. उपदेशाचा एक शब्दही न घालता बोकील हे वय उभं करतात, ही या कादंबरीची ताकद. पण वाचून परत देताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शिरोडकरच्या मनात काय होतं ते कुठं आलंय?" प्रश्न नेमका आहे. सगळी कादंबरी जोशीच्या डोळ्यांनी दिसते, आणि एका कादंबरीनं तसं असायला हरकत नाही. खंत आहे ती तिच्या शेजारी ठेवायला शिरोडकरची कादंबरी नाही याची. संगीता बर्वेंची 'पियूची वही' हाती देते, पण ती लहान मुलीची. राजन गवस आमच्याच गडहिंग्लज तालुक्यातले. त्यांच्या 'चौंडकं'मध्ये देवाला सोडलेली मुलगी केंद्रात आहे. पण ती कादंबरी सोबत कुणी मोठं असल्याशिवाय या वयात पेलत नाही.

कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' 1987 ची. शाळेसाठी बापाशी झगडणारा मुलगा, मोट, मळा आणि उपास. पहाटे धारा काढून वर्गात येणाऱ्या मुलाला ही कादंबरी समजावून द्यावी लागत नाही. तरी तो काळ त्याच्या आजोबांचा आहे. संत, बोकील, यादव तिघेही मागं वळून पाहतात. त्यांच्या लेखनाचं सौंदर्य त्या अंतरात आहे, आणि आज चौदा वर्षांच्या असलेल्या वाचकासाठी अडचणही त्यातच आहे.

नवं लिहिलं जात नाही असं नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो. त्यात ल. म. कडूंची 'खारीचा वाटा' (2017), सलीम सरदार मुल्लांची 'जंगल खजिन्याचा शोध' (2019), संगीता बर्वेंची 'पियूची वही' (2022) आणि भारत सासणेंची 'समशेर आणि भूतबंगला' (2024) अशा कादंबऱ्या आहेत. मुल्ला आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, वनखात्यात नोकरी करणारे. रानात रोज वावरणाऱ्या माणसानं मुलांसाठी कादंबरी लिहावी, याचं मोल मोठं आहे. पण यांतलं बहुतेक लेखन सातवीपर्यंतच्या वाचकाला हाताशी धरून चालतं. जात, शरीर, प्रेम, अपयश यांच्या उंबऱ्यावर ते थांबतं. सिनेमा मात्र थांबला नाही. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला किशोरवयीन जब्या 2013 सालीच पडद्यावर आला.

याचं एक कारण पुस्तक कोण विकत घेतं यात आहे. ही पुस्तकं मुलं घेत नाहीत. शाळा आणि पालक घेतात, नाहीतर ती अनुदानातून घेतली जातात. घेणाऱ्याला बोध हवा असतो आणि प्रकाशकाला तक्रार नको असते. म्हणून शाळेच्या कपाटात चरित्रं आणि संस्कारकथा भरतात, आणि मूल आपले प्रश्न घेऊन 'मृत्युंजय'कडे जातं. ते तिथं रमतं यात नवल नाही. मी कोण, मला का हिणवलं जातं, मैत्रीसाठी किती द्यायचं, हे कर्णाचे प्रश्न पंधराव्या वर्षाचेच आहेत. 'मृत्युंजय' आली 1967 साली. त्याच वर्षी अमेरिकेत एस. ई. हिंटनची 'द आउटसाइडर्स' निघाली. हायस्कुलात असतानाच तिनं ती लिहायला घेतली, कारण आपल्यासारख्या मुलांबद्दल वाचायला काही मिळत नव्हतं. तिथं त्यातून लेखनाची एक सबंध शाखा वाढली. आपल्याकडे कर्णच आजवर ते काम करतो आहे.

भरतीसाठी पहाटे गडहिंग्लज रस्त्याला पळणारा मुलगा मला अजून कादंबरीत भेटलेला नाही. वाडीवरून एसटीनं येणारी, दहावीनंतर कॉलेज की लग्न या बोलण्याकडे दाराआडून कान देणारी मुलगीही भेटलेली नाही. ही माणसं पुस्तकात यायची तर या वाचकाला वेगळं स्थान द्यावं लागेल. अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारात त्याच्यासाठीचं लेखन क्वचितच दिसतं, आणि युवा पुरस्कार लेखकाचं वय पाहतो, वाचकाचं नाही. तेरा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठीच्या कादंबरीला स्वतंत्र पुरस्कार हवा, आणि निवड करणाऱ्यांत त्या वयाची मुलं-मुलीही बसलेली हवीत. पुस्तकानं काय शिकवलं हे ती विचारणार नाहीत. आपला प्रश्न त्यात आहे का, एवढंच पाहतील. किशोर कादंबरीची समीक्षा आपणही याच कसोटीवर करायला हवी.