उपदेशकाचा आनंद आणि मनाचा तळ

जुन्या करारातील ‘उपदेशक’ हा ग्रंथ आपल्याकडे बहुधा अंत्यविधीच्या प्रवचनापुरता उघडला जातो. जग व्यर्थ आहे, त्याचा मोह सोडा, एवढाच त्याचा सांगावा समजला जातो. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने त्यावर भाष्य लिहिले तेही याच वळणाचे. मूळ हिब्रू शब्द मात्र ‘हेवेल’, म्हणजे श्वास, वाफ. काइनाने मारलेल्या हाबेलाचे नावही तेच. थंडीच्या पहाटे तोंडातून निघणारी वाफ क्षणात विरते, पण ती जिवंत माणसाचीच असते.

1915 साली, महायुद्ध चालू असताना, सिग्मंड फ्रॉइड यांनी नश्वरतेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यातील तरुण कवी बहरलेल्या निसर्गातून चालत असतो. परंतु हिवाळ्यात हे सारे नाहीसे होणार या विचाराने त्याला कशाचाच आनंद घेता येत नाही. फ्रॉइड यांचे निदान असे की, पुढे येणाऱ्या वियोगाच्या दुःखाला भिऊन मन आधीच आपले प्रेम आखडते घेते. उपदेशकाच्या दुसऱ्या अध्यायातील राजा आम्हांस या कवीचा थोरला भाऊ वाटतो. घरे, द्राक्षमळे, तलाव, सोनेरुपे सारे जमवून झाले, आणि ते ज्याच्या हाती जाणार तो वारस शहाणा निघेल की मूर्ख, या विचाराने त्याला स्वतःच्या श्रमांचाच तिटकारा आला! जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या कुटुंबांस हे अधिक सांगावयास नको.

कार्ल युंग 1934 सालच्या ‘आत्मा आणि मृत्यू’ या निबंधात आणखी पुढे जातात. उत्तरायुष्यात मरणाकडे पाठ फिरवून तारुण्याला कवटाळणारे मन थिजते, असे त्यांचे म्हणणे. ते आम्हांस पटते. उपदेशकही आनंदाचा विषय सात वेळा काढतो, आणि तो बहुतेक वेळा मरणाच्या किंवा अन्यायाच्या वर्णनापाठोपाठ. मरण नजरेआड करून त्याला आनंद नको आहे.

येथून पुढे मात्र युंग यांची सोबत अपुरी पडते. त्यांचा प्रवास एकट्या मनाच्या आत चालतो. नवव्या अध्यायातील आनंद ताटात वाढलेला आहे: भाकर, द्राक्षारस, शुभ्र वस्त्रे, मस्तकाला तेल, सोबतीला प्रिय पत्नी. शिवाय तो कमावलेला नाही, देवाच्या हातून आलेला आहे. मन का आटते, हे मानसशास्त्र उत्तम सांगते. या दात्याविषयी त्याच्यापाशी शब्द नाही, आणि तशी अपेक्षाही आम्ही करीत नाही.

आमची खरी तक्रार घरचीच आहे. अनेक यहुदी समाजांत हा ग्रंथ मंडपांच्या सणात, म्हणजे ऐन हर्षाच्या दिवसांत वाचतात. आपल्या तीन वर्षांच्या वाचनमालेत तो रविवारी एकदाच येतो, ‘क’ वर्षातील सामान्य काळाच्या अठराव्या रविवारी. आणि ते वाचन दुसऱ्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनाशी थांबते. खाण्यापिण्यातला व श्रमातला आनंद देवाच्या हातचा आहे, हे प्रथम येते ते चोविसाव्या वचनात.